एकाच कारखान्यातली एकच गाडी, पण जपानला वेगळी आणि साताऱ्याला वेगळी: हे कसे ठरते?

अजिंक्यतारा (सातारा)

मंडळींना नमस्कार. मी साताऱ्यातील निवृत्त शिक्षक आहे. आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे यंत्रांच्या बाबतीत माझी गती बेताचीच आहे हे आधीच सांगून ठेवतो. गेल्या वर्षी मी मारुती सुझुकीची फ्रॉन्क्स घेतली. इंजिन १२०० सीसीचे, गिअर हाताने टाकायचे. माझा भाचा जपानमध्ये हामामात्सूजवळ नोकरीला आहे आणि योगायोग असा की त्यानेही तिथे फ्रॉन्क्सच घेतली. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर आम्ही मामा-भाच्यांनी आपापल्या गाड्या एकमेकांना दाखवल्या, तेव्हा बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी वाटल्या. पण त्याने बॉनेट उघडले आणि माझा सगळा हिशेब चुकला. त्याच्या गाडीत १५०० सीसीचे इंजिन आहे, त्याला हायब्रीडची थोडी जोड आहे, सहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे, आणि चारही चाकांना ओढ देणारी यंत्रणासुद्धा आहे. समोर अडथळा दिसला की ती आपण होऊन ब्रेक लावते, हे आणखी वेगळे. वर तो म्हणाला, "मामा, ही गाडी तुमच्याकडच्या गुजरातेत तयार होऊन बोटीने इकडे आली आहे."

साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया बनत असे, तो काळ मी पाहिला आहे. बजाजच्याच तंत्रावर बनलेली ती स्कूटर वेगळ्या नावाने विकली जाई; म्हणजे नाव वेगळे आणि वस्तू जवळपास तीच. इथे मात्र नाव तेच आणि वस्तू वेगळी, असा उलटा प्रकार दिसतो.

माझी तक्रार काहीच नाही. यवतेश्वरचा घाट माझी गाडी चार माणसे घेऊन निमूटपणे चढते. पण कुतूहल असे आहे की, एकाच छताखाली एवढे निरनिराळे प्रकार बनवणे कारखान्याला परवडते कसे, आणि कोणाला काय द्यायचे हे नेमके कशावरून ठरते? की आपल्याला मुद्दामच कमी दिले जाते? जाणकारांनी सविस्तर सांगावे; वाचायला माझ्याकडे वेळ भरपूर आहे.

दुसरी पाळी (सातारा एमआयडीसी)

सर, तुम्ही भूगोलाचे शिक्षक आहात हे बरे झाले, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर भूगोलात आहे. उरलेले बहुतेक सगळे करांच्या कोष्टकात आहे, आणि सुरुवात तिथूनच करायला हवी.

२००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि लहान गाडी म्हणजे काय, याची मोजपट्टी ठरवून दिली गेली: लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. पुढे उत्पादनशुल्क गेले, जीएसटी आला, दर अनेकदा बदलले, पण ही मोजपट्टी तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के आणि मापाबाहेरच्या गाडीवर ४० टक्के कर आहे. तुमच्या गाडीची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे, म्हणजे रेषेच्या आत केवळ ५ मिलिमीटर. इंजिन ११९७ सीसीचे आहे, म्हणजे तिथेही रेषेच्या आत ३ सीसी. आता याच गाडीत भाच्याचे १५०० सीसीचे इंजिन बसवले आणि करापूर्वीची किंमत समजा ८ लाख रुपये धरली, तर कर १ लाख ४४ हजारांवरून थेट ३ लाख २० हजारांवर जातो. इंजिन प्रत्यक्षात महाग पडते म्हणून लागणारे पैसे वेगळेच. साताऱ्यातला किती गिऱ्हाईकवर्ग ३०० सीसीसाठी पावणेदोन लाख जास्त मोजेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

जपानमध्ये रेषा आहेत, पण त्या दुसरीकडे आखलेल्या आहेत. तिथे खासगी गाडीवर दरवर्षी जो कर भरावा लागतो तो इंजिनाच्या आकारावर ठरतो. १००० सीसीपर्यंत एक टप्पा, तिथून १५०० पर्यंत दुसरा, त्यानंतर तिसरा. भाच्याचे इंजिन १४६० सीसीचे आहे, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या काठावर येऊन थांबलेले. बाराशेचे इंजिन दिले असते तरी त्याचा वार्षिक कर तेवढाच राहिला असता, मग लहान इंजिन कशासाठी द्यायचे? थोडक्यात, मामाची गाडी आणि भाच्याची गाडी, दोन्ही आपापल्या देशाच्या रेषेच्या आत अंग चोरून उभ्या आहेत. चार चाकांच्या ओढीचे कारण तर तुम्ही वर्गात शिकवले असेल: उत्तर जपानात आणि पश्चिमेला ‘जपान समुद्रा’कडील बाजूला हिवाळ्यात जे प्रचंड बर्फ पडते, त्यामुळे तिथे लहानशा गाडीलाही ही यंत्रणा मागणारे गिऱ्हाईक आहे.

कराच्या रेषेने गाडीचा आकारच बदलल्याचे आपल्याकडचे सर्वांत ढळढळीत उदाहरण डिझायरचे आहे. २००८ साली आलेली पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ ची दुसरी डिझायर ३९९५ मिलिमीटरची झाली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. गाडीची शेपटी कापून कर वाचवला, एवढाच त्याचा अर्थ. फोक्सवॅगनने तर २०१६ मध्ये चाकणच्या कारखान्यात अमिओ नावाची सेडान केवळ भारतासाठी बनवली. तीही बरोबर ३९९५ मिलिमीटरची.

आता परवडते कसे, याबद्दल. पत्रा दाबण्याचे मोठे डाय, म्हणजे साचे, बनवणे फार महाग पडते, त्यामुळे दरवाजे, छप्पर, सांगाडा यांना शक्यतो कोणी हात लावत नाही. बदल होतात ते बोल्टने बसणाऱ्या वस्तूंत आणि संगणकात भरायच्या आज्ञावलीत. मी एका सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो. आमच्याकडे सस्पेन्शनच्या स्प्रिंगा बनतात. इथल्या गाडीची मागची स्प्रिंग आणि निर्यातीच्या गाडीची मागची स्प्रिंग शेजारी ठेवली तर तुम्हालाच काय, मलाही डोळ्यांनी फरक ओळखता येणार नाही, कारण तारेच्या जाडीत मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरक असतो. इथल्या गाडीत मागे तीन माणसे, डिकीत तांदळाचे पोते आणि रस्त्यावर दर गावाला दोन गतिरोधक गृहीत धरावे लागतात. युरोपात जाणारी गाडी महामार्गावर वेगात स्थिर राहावी म्हणून थोडी खाली बसवलेली असते. म्हणून प्रत्येक स्प्रिंगच्या वेटोळ्यावर रंगाचा पट्टा ओढतात: एका प्रकाराला पिवळे दोन, दुसऱ्याला पांढरा एक. गाडीच्या कारखान्यातला कामगार तो रंग बघून नग उचलतो. एकदा रात्रपाळीत रंगाच्या डब्यांची अदलाबदल झाली आणि आम्हाला तीनशेच्या वर नग भार-चाचणीच्या यंत्रावर एकेक करून पुन्हा मोजावे लागले. सकाळी सहाला सुटायचो ते अकराला सुटलो. प्रकार वाढवण्याची खरी किंमत अशा ठिकाणी मोजली जाते. वस्तू महाग पडत नाही, ती चुकू न देणे महाग पडते.

मिरजेचा फिटर

वरील विवेचन उत्तम आहे. त्यात डाव्या-उजव्याची भर घालतो, कारण आमच्या धंद्यात त्याचाच त्रास जास्त.

दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीची पुढची बाजू ठोकरली गेली. कंपनी आणि मॉडेल सांगत नाही, त्याची गरजही नाही. इथे हेडलाइटचा जोड महाग पडतो म्हणून त्यांच्या भावाने दुबईहून त्याच मॉडेलचा नवा जोड आणला. बसवताना मला काहीच खटकले नाही. बोल्टची भोके तीच, वायरचा सॉकेट तोच, काच तशीच. रात्री मात्र त्यांचा फोन आला की सांगली-मिरज रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारतो आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी गॅरेजच्या पांढऱ्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली, दिवे डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, लावले आणि खडूने उजेडाची कड भिंतीवर आखली. आपल्या गाडीच्या उजेडाची कड उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे वर चढत जाते, म्हणजे डाव्या कडेची माणसे आणि पाट्या दिसाव्यात आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये. खडूची रेघ बरोबर उलटी आली. दुबईत वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे तिथला दिवा उजवीकडे वर चढतो, आणि आपल्या रस्त्यावर ती उजवी बाजू म्हणजे समोरून येणाऱ्याची. दिवा वर-खाली करण्याचा स्क्रू कितीही फिरवला तरी हा आकार बदलत नाही, कारण तो काचेच्या आतल्या रचनेतच असतो. शेवटी इथला जोड विकत घ्यावा लागला आणि दुबईचा जोड अजून माझ्या माळ्यावर पडून आहे.

स्टिअरिंग डावीकडे की उजवीकडे, याची तयारी कारखाना आराखड्यातच करतो. काही गाड्यांत बॉनेट उघडून इंजिनामागचा पत्रा पाहिलात तर स्टिअरिंगच्या विरुद्ध बाजूला रबरी बुचाने बंद केलेले भोक दिसते. पत्रा एकच, भोके दोन्ही बाजूंना, आणि जे नको ते बुजवायचे. मात्र सगळ्याच गोष्टी अशा उलटवल्या जात नाहीत. युरोपीय घडणीच्या बऱ्याच गाड्यांत बॉनेट उघडण्याचा खटका आपल्याकडेही डावीकडेच, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी असतो. त्याच गाड्यांत इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, तर आपल्या मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्यात ती उजवीकडे. नवीन गाडी घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात वळताना भर उन्हात वायपर चालू करताना दिसला, तर ओळखावे की त्याने घराणे बदलले आहे.

मळीचा माणूस (वाळवा तालुका)

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत रसायनतज्ज्ञ म्हणून काम करतो, म्हणून इंधनापुरते लिहितो.

ज्या देशात जे इंधन पंपावर मिळते त्याप्रमाणे गाडीच्या आतड्यांत फरक करावा लागतो. आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल काही प्रकारच्या रबराला फुगवते आणि मऊ पाडते, शिवाय ते हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे इंधनाच्या नळ्या, सील, पंपाचे भाग हे सगळे त्याला टिकणाऱ्या मालाचे द्यावे लागतात. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात लिटरमागे ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी भरते आणि इंजिनाच्या संगणकाला त्या हिशेबाने इंधन सोडावे लागते.

याचे टोक पाहायचे तर ब्राझीलकडे पाहावे. उसाच्या इथेनॉलचा कार्यक्रम त्यांनी १९७५ मध्ये सुरू केला. २००३ मध्ये फोक्सवॅगनने तिथल्या गोल या गाडीत असे इंजिन आणले की टाकीत पेट्रोल भरा, इथेनॉल भरा किंवा दोन्ही कोणत्याही प्रमाणात भरा, गाडी चालते. धुराड्यातल्या प्राणवायूचे प्रमाण मोजून संगणक मिश्रण ओळखतो. तिथल्या पंपावर जे निव्वळ इथेनॉल मिळते त्यात ५ टक्क्यांच्या आसपास पाणीही असते. ते थंडीत लवकर पेट घेत नाही, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांत बॉनेटखाली पेट्रोलची एक वेगळी छोटी टाकी दिलेली असे, केवळ सकाळी गाडी सुरू करण्यासाठी. हीच गाडी युरोपात विकायची असती तर त्या टाकीची काही गरज नव्हती. कृष्णाकाठचा ऊस पाहता आपल्याकडेही तशा गाड्या वाढाव्यात असे मला वाटते, पण ते मत माझ्या पोटापाण्याशी जोडलेले आहे, त्यामुळे तेवढे सोडून वाचावे.

विश्रामबाग (सांगली)

सगळे फार समजूतदारपणे लिहीत आहेत, म्हणून सरांनी विचारलेला शेवटचा प्रश्न कोणी हाती घेतलेला नाही: आपल्याला मुद्दाम कमी दिले जाते का? कर, बर्फ, ऊस ही कारणे मला मान्य आहेत. पण एअरबॅग न देण्याचे कारण यांपैकी कोणते होते?

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय लहान गाड्यांचे सर्वांत स्वस्त, एअरबॅग नसलेले प्रकार ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिले. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांतल्या पोलोची दोन एअरबॅग असलेली आवृत्ती तपासली तेव्हा तिला चार तारे मिळाले, आणि कंपनीने एअरबॅग नसलेली आवृत्ती बाजारातून काढून घेतली. म्हणजे काढून घेणे शक्य होते, फक्त कोणी विचारेपर्यंत ते झाले नव्हते. युरोपात त्याच नावाच्या गाड्या एअरबॅगविना विकण्याची कोणाची छाती झाली नसती. त्या वेळी आमच्या घरात जी गाडी होती तिच्यातही एअरबॅग नव्हती, आणि विक्रेत्याने मला सनरूफसारखी चैनीची वस्तू असल्याप्रमाणे तिची किंमत सांगितली होती, हे मी विसरलेलो नाही.

दुसरी पाळी (सातारा एमआयडीसी)

विश्रामबागकरांचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो टाळला, हेही खरे. त्या तपासणीतली एक बाब मात्र सुटी करून पाहावी. पाचपैकी दोन गाड्यांचा सांगाडा आदळल्यावरही टिकून राहिला होता, तीन गाड्यांचा टिकला नव्हता. पहिल्या दोघींना एअरबॅग दिली की प्रश्न बराचसा सुटत होता. उरलेल्या तिघींत नुसती एअरबॅग लावून फारसा उपयोग झाला नसता. वगळलेली वस्तू गिऱ्हाइकाला माहितीपत्रकात दिसते. पत्र्याचा दर्जा किंवा आतली आडवी पट्टी कमी केलेली असेल तर ती रंगाखाली झाकली जाते आणि कोणालाच दिसत नाही. म्हणून तिथे कायदाच लागतो.

तो आपल्याकडे उशिरा आला, पण आला. समोरून धडकेची ताशी ५६ किलोमीटरची चाचणी नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली. एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग अनिवार्य झाली. ताशी ८० च्या पुढे गेल्यावर मधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारी जी घंटा आहे, तीही त्याच जुलैची. खंबाटकी उतरून वाईच्या दिशेने येताना माझ्या घरचे लोक तिच्यामुळेच मला बोलतात. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळून तारे देणारी आपली स्वतःची तपासणी, सुरू झाले आहे, फक्त त्यात गाडी पाठवायची की नाही हे कंपनीच्या इच्छेवर आहे.

आणि प्रत्येक वेळी आपणच शिळे खातो असेही नाही. जिम्नीची तीन दारांची आवृत्ती २०२१ पासून इथे बनून बाहेर जात होती आणि आपल्याला विकतच नव्हते, हे खरे. पण पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये आधी आपल्याला मिळाली. २०२५ च्या सुरुवातीला तीच इथे बनलेली गाडी जपानमध्ये जाहीर झाली, तेव्हा महिन्याला १२०० गाड्या विकायच्या हिशेबाने निघालेल्या कंपनीकडे चार-पाच दिवसांत ५० हजारांच्या आसपास मागण्या आल्या आणि नोंदणी थांबवावी लागली. सरांच्या भाच्याला विचारा, त्याला हे ठाऊक असेल.

अजिंक्यतारा (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी टेप घेऊन खाली गेलो आणि गाडीची लांबी मोजली. टेप धरायला सौ. होत्या, त्यांना कारण सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते लिहीत नाही. मागच्या बंपरपासून पुढच्या बंपरपर्यंत चार मीटरला बोटभरही कमी नाही, नखभर कमी आहे.

भाच्यालाही ही सगळी चर्चा वाचून दाखवली. त्याचे म्हणणे असे की, तो तीन वर्षांनी कायमचा परत येणार आहे, तर त्याची गाडी साताऱ्याला घेऊन यावी. स्टिअरिंग उजवीकडेच आहे आणि दिवाही डावीकडे वर चढणारा आहे, मग अडचण कसली?

मिरजेचा फिटर

सर, स्टिअरिंग आणि दिवा याबाबत भाच्याचे बरोबर आहे. जपान आणि आपण दोघेही डावीकडून चालतो. पण त्याची गाडी तिथल्या इंधनासाठी आणि तिथल्या नियमांसाठी प्रमाणित झालेली आहे, आपल्या नाही. नोंदणीचे सोपस्कार आणि आयातशुल्क भरून ती साताऱ्यात उभी राहीपर्यंत जो खर्च होईल, त्यात इथे दोन्ही रेषांच्या बाहेरची मोठी गाडी सहज येईल. त्यानंतर एखाद्या दिवशी तिच्या मागच्या चाकांना ओढ देणारा भाग बिघडला, तर तो इथल्या फ्रॉन्क्सच्या यादीत नाही. गाडी गुजरातेत जन्मलेली, आणि तिच्या भागासाठी मी हामामात्सूला, सुझुकीच्या मुख्यालयात, फोन करायचा. त्यापेक्षा त्याला ती तिथेच विकू द्या. येताना हेडलाइट मात्र आणू नकोस म्हणावे, माळ्यावर जागा नाही.